तुझ्याकडे तेव्हा रात्र असेल

६ नोव्हेंबर

दादा,

काल ती लागली. दोन-तीन रविवार नुसतं वारं ऐकून कान किटले होते. काल उजाडायच्या सुमाराला गच्चीवर रेडिओ जरा तिरका धरला, तर आधी शिंकल्यासारखा आवाज आला आणि मग आपली सर्दीवाली निवेदिका. तिची सर्दी अजून गेलेली नाही. मासळीचे भाव असावेत, आकडे वाचल्यासारखा सूर होता. मग हवामान. मग ते गाणं, ज्यात एक बाई ओळ म्हणते आणि मागची मंडळी तिला 'छे छे, असं नाही' म्हटल्यासारखं उत्तर देतात. गाणं अर्ध्यावर आलं, ऊन कठड्यावर आलं आणि ती बुडाली. आपल्याला ना तिची भाषा कळत, ना तिचं बेट नकाशात धड सापडत, तरी ती गेली की घरातलं कुणीतरी उठून गेल्यासारखं वाटतं.

तुला लागली का? तुझ्याकडे तेव्हा मध्यरात्र असेल. आई म्हणते, एवढ्या बर्फात तो कशाला जागत बसतो. पण तू गेलास तेव्हा जे ठरलं ते मी एकदाही चुकवलेलं नाही, तूही चुकवलेलं नसणार. आमची पहाट, तुझी रात्र, तेच स्टेशन, आणि मग काय ऐकलं ते एकमेकांना लिहायचं. बाकीच्या बहिणी भावाला विचारतात, जेवलास का, झोपलास का. मी विचारते, खरखर किती होती.

गच्चीवरची रेडिओची तार वाऱ्याने सुटली होती. ती भिंतीला टेकू नये म्हणून पुन्हा एक कप फोडला आणि त्याचा कान मध्ये बांधला. आई म्हणते, तुम्हा दोघांपायी या घरात कानाचा कप राहिला नाही.

आई बरी आहे. डावा हात अजून तिचं ऐकत नाही, पाय थोडाफार ऐकतो. मी कामावर असते तोवर खालच्या काकू येऊन बसतात. दोघींचं असं गुळपीठ जमलंय की मी दारात आले की बोलणं थांबतं. गुरुवारी बघते तर आईची नखं कापलेली, छान गोल. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, बसल्या बसल्या कापली. काकूंना सुईत दोरा मला ओवून द्यावा लागतो, पण नखं बघ. माया असली की दिसतं म्हणायचं.

माझं ठीक. दिवसभर दुसऱ्यांचे दात घासूनपुसून संध्याकाळी स्वतःचे काढायची ताकद उरत नाही.

हे नेहमीप्रमाणे तुझ्या कंपनीच्या इथल्या ऑफिसबाहेरच्या पेटीत टाकते. बोट निघेल तेव्हा निघेल.

तुझी खुंटी

(लहानपणी तार हातात देऊन तासन्‌तास उभी करायचास म्हणून पडलेलं नाव. आता कवळ्या करणारी चांगली कमावती बाई आहे मी. जरा मानाने हाक मारत जा.)


२९ नोव्हेंबर

दादा,

पत्र मिळालं. कंपनीचं पाकीट, आत तुझी मुंग्या चालल्यासारखी अक्षरं. तुलाही ती शिंक ऐकू आली हे वाचून मी एकटीच हसले. आणि तू लिहिलंस, 'गाणं अर्ध्यावर आलं आणि नेहमीसारखी बुडाली.' इतक्या लांब दोघांनी दोन ठिकाणी बसावं आणि दोघांच्या हातून ती एकाच ओळीला सुटावी, याचं मला फार बरं वाटलं. आईला वाचून दाखवलं. तिने डोळे मिटून घेतले. तुझ्या आठवणीने तिला त्रास होतो, म्हणून हल्ली मी तुझी पत्रं थोडी गाळून वाचते.

एक सांगायचंय. डॉक्टरीणबाई दुसऱ्या गावी नवीन लॅब काढताहेत. तिथली सगळी जबाबदारी मी घ्यावी असं त्यांच्या मनात होतं. मेणात दात बसवायला तुझ्यासारखा हात नाही कुणाचा, असं मला सगळ्यांसमोर म्हणाल्या. हाताखाली दोन माणसं, वरच्या मजल्यावर राहायला खोली, खिडकी पूर्वेला. खिडकीचं मी मुद्दाम विचारून घेतलं, कशासाठी ते तुला कळेल. विचार करायला वेळ मागितला आणि दुसऱ्या दिवशी नाही म्हणून सांगून टाकलं. आईला कुणाच्या गळ्यात घालू? तुझा करार पुढल्या वर्षी संपेल, तू येशील, मग पाळी बदलेल, असं ठरलंय आपलं. तोवर तिथे जबडेवाला जाईल. जबडेवाला म्हणजे आमच्याकडे प्लास्टरचे जबडे ओततो तो उंच माणूस. माझ्या मागाहून लागलेला. त्याने माझ्यापुढे चहा आणून ठेवला आणि उगीचच माफी मागितली.

आईला सांगितलं, मी नाही म्हणाले. तिने भिंतीकडे तोंड केलं. बऱ्याच वेळाने म्हणाली, "तुझं भलं होईल." आवाज रडवेला होता. मीच तिला समजावत बसले.

तिच्या जेवणाचं काही कळत नाही. मंगळवारी आणि गुरुवारी तिला संध्याकाळी भूकच नसते. डॉक्टरांना विचारीन.

सोबत टोपी पाठवतेय. कान झाकणारी, आतून लोकर. दुकानदार म्हणाला, इथल्या थंडीत ही कोण घालणार? मी म्हणाले, इथे नाहीच घालायची.

खुंटी


१६ डिसेंबर

दादा,

आई घरी आली. छाती भरली होती, दवाखान्यात ठेवावं लागलं हे तुला माझ्या तातडीच्या चिठ्ठीवरून कळलंच. तुझा निरोपही मिळाला. समुद्र गोठला, बोटी बंद, तर तू तरी काय करणार? तू लिहिलंस, 'मी तिथे असतो तर तिच्या उशाशी बसून राहिलो असतो.' तेवढं वाचून मला दवाखान्याच्या जिन्यात रडू फुटलं, आणि आईच्या आजाराचं साचलेलं सगळं तिथेच निघून गेलं.

नवल म्हणजे आईने एकदाही तुला बोलाव असं म्हटलं नाही. मीच म्हणत होते.

तिथली एक परिचारिका मला म्हणाली, दुपारी येतात ते तुमचे भाऊ फार शांत आहेत हो. म्हटलं, माझा भाऊ समुद्रापलीकडे असतो, तुमची खाटांची गल्लत होतेय. ती आईकडे बघत राहिली. दिवसाला इतकी माणसं बघतात बिचाऱ्या, चेहरे तरी कुणाकुणाचे लक्षात ठेवतील?

उद्या रविवार. दोन रविवार चुकले आईच्या आजारपणात. उद्या मात्र गच्चीवर जाणार.

खुंटी


८ जानेवारी

दादा,

तुझं पत्र परवा आलं, त्या रविवारचं. इतक्या वेळा वाचलंय की घडीवर फाटायला आलंय.

आधी माझं ऐक. त्या सकाळी मी गच्चीवर गेले तेव्हा नेहमीची घरघर होती. शहराची ती घरघर तुला माहीत आहे. गिरणीच्या मोटारी, पाण्याचे पंप, रस्त्यावरचे दिवे, सगळ्यांची मिळून एक जाड घोंगडी असते आणि तिच्याखाली सर्दीवाली. मासळीचे भाव चालू होते, आणि एकदम कुणीतरी दार लावून घ्यावं तशी घरघर थांबली. मला वाटलं, सेल उतरले. पण ती होती. इतकी स्वच्छ की तिने कागद उलटला तो ऐकू आला, तिच्या मागे खुर्ची सरकली ती ऐकू आली. मी जागच्या जागी उभी. हातातली तारसुद्धा हलवली नाही. थोड्या वेळाने घोंगडी पुन्हा पडली.

खाली आले तेव्हा कळलं की नदीकाठचं वीजकेंद्र बंद पडलं होतं. अख्ख्या शहराची वीज गेली होती, गिरणीसकट. म्हणून ती शांतता.

मी हे तुला लिहिलं नव्हतं. लिहिणार होते, पण आईच्या औषधपाण्यात राहून गेलं. आणि आता तुझ्या पत्रात हे आहे, तुझ्याच शब्दांत: 'भाव सांगता सांगता एकदम सगळी घरघर नाहीशी झाली, जणू कुणी दार लावलं. तिने पान उलटलं ते मला ऐकू आलं, खुंटे. मग पुन्हा सुरू झाली.'

तुझ्या बंदरातही त्याच क्षणी वीज गेली होती का? जाऊ शकते, मी काही नाही म्हणत नाही. जगात योगायोग असतातच. फक्त लिही मला, की हो, गेली होती. तू लिहिलंस तर मी विश्वास ठेवीन.


१८ जानेवारी

हे पत्र पेटीत टाकणार नाही. तुझा खरा पत्ता आईने दिलाय.

तुझं उत्तर शुक्रवारी आलं. 'हो, आमच्याकडेही वीज गेली होती, काय योगायोग.' एरवी तीन-तीन आठवडे लागतात रे तुझ्या पत्राला. समुद्र गोठलेला, बोटी बंद, आणि हे उत्तर आठवड्याच्या आत घरी. घाई झाली तुला. घाईत माणूस चुकतोच.

मग मला उन्हाचं सुचलं. ऊन चढलं की लांबचं स्टेशन बुडतं, अंधार असेतो तरंगत राहतं, हे मला कुणी शिकवलं? तू. तुझ्याकडे मध्यरात्र होती ना? मग ती तुझ्याकडे कुणाच्या उन्हात बुडत होती? प्रत्येक पत्रात बुडत होती, माझ्याबरोबर, माझ्याच ओळीला. आणि मी आनंदाने आईला वाचून दाखवत होते.

आज लॅबमधून दुपारची सुट्टी घेतली आणि पहिल्यांदाच कंपनीच्या ऑफिसच्या आत गेले. खिडकीतल्या बाईंना विचारलं, उत्तरेच्या बंदरावरच्या माणसांना पत्रं कधी पोचतात. त्या म्हणाल्या, आमचं तिकडे कुणी नाही. मी तुझं नाव सांगितलं. त्यांचा चेहरा खुलला. "आमचे वायरमन? ते इथेच, मागच्या गोदामात. बाहेरच्या पेटीतली त्यांची पत्रं मीच काढून देते. थांबा ना, येतीलच. मंगळवार-गुरुवार अर्धा दिवस असतो त्यांचा."

मी थांबले नाही. समोरच्या पानाच्या टपरीआड उभी राहिले. तू बाहेर आलास. जाड झालायस. मला वाटलं होतं, तुला बघितलं की मी धावत सुटेन, ओरडेन, निदान रडेन तरी. पण मी फक्त तुझ्या मागे चालू लागले. तू बसमध्ये पुढच्या दाराने चढलास, मी मागच्या. कुठे राहतोस ते बघायचं होतं मला. बस पुलावरून गेली, बाजारावरून गेली, आणि आपल्या स्टॉपवर तू उतरलास. आपल्या, म्हणजे माझ्या. आपल्या गल्लीत वळलास. आपल्या जिन्याने चढलास. काकूंनी दार उघडलं, तुझ्या हातातला डबा घेतला आणि एखाद्या घरच्या माणसाकडे लक्ष नसावं तसं तुझ्याकडे लक्ष न देता आत गेल्या.

मी समोरच्या शिंप्याच्या पायरीवर बसले. तो म्हणाला, ताई, चावी विसरलात का? तुम्ही नसता तेव्हा येतात ते पाहुणे आहेत की वर. म्हणजे त्यालाही ठाऊक.

तू गेल्यावर वर गेले. दार लोटलेलं होतं. आई पाठमोरी बसली होती, चांगली उशीला टेकून. माझ्या पावलांचा आवाज ऐकून ती मागे न बघता म्हणाली, "काय विसरलास रे?"

दादा, तू सगळं खोटं बोललास ते एकीकडे आणि हे तीन शब्द एकीकडे. असा मोकळा, लाडाचा आवाज तिने माझ्यासाठी शेवटचा कधी काढला होता मला आठवेना. रोज तिला उठवते, पुसते, भरवते, पण माझ्यासाठी तो आवाज शिल्लक नव्हता. तो मंगळवार-गुरुवारसाठी राखून ठेवलेला होता.

काकू भांडी तशीच टाकून खाली पळाल्या.

आई फार काही लपवत बसली नाही, एवढं म्हणायला हवं. मागल्या उन्हाळ्यापासून येतोस म्हणाली. लग्न केलंयस, मुलगी आहे, टायरच्या दुकानावर दोन खोल्या आहेत. बायकोने बजावलंय की आजारी सासू घरात नको, म्हणून तुला परदेशाचं नाटक करावं लागलं. पण तुझा जीव राहिला नाही, तू आलास, आईच्या पायावर डोकं ठेवून रडलास. आईने तिथल्या तिथे माफ केलं. आणि 'तिला सांगू नकोस' हे तू नाही म्हणालास. ते ती म्हणाली. मी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

"का गं?" म्हटलं.

"सांगितलं असतं तर तू गेली असतीस."

"तुला टाकून? असं वाटतं तुला?"

तिने माझ्याकडे नीट बघितलं, बऱ्याच दिवसांनी. म्हणाली, "तुझ्या जागी मी असते तर गेले असते."

मी नवीन लॅबला नाही म्हटलं तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून रडली होती. ते कशासाठी होतं, ते मला आज कळलं. मी तिला थोपटत होते रे.

एक गोष्ट मात्र मी बसल्या बसल्या शोधून काढली. तुझी सगळी पत्रं काढून वाचली. बर्फ खोटा, बोटी खोट्या, तो तुझा नॉर्वेवाला मुकादम, ज्याच्या गोष्टींवर मी पोट धरून हसायचे, तोही खोटा. पण रेडिओबद्दल एक अक्षर खोटं नाही. ज्या रविवारी मला लागली नाही त्या रविवारी तूही लिहिलंस, नाही लागली. एखादं खोटं ठोकून दिलं असतंस, उजाडेपर्यंत स्पष्ट होती असं लिहिलं असतंस, तर मी जन्मभर फसले असते. जे ऐकलं नाही ते ऐकलं म्हणायचं नाही, हा आपला नियम. तो तू पाळलास. बहिणीशी खोटं बोलायला तुला काही वाटलं नाही, पण तिथे जीभ रेटली नाही तुझी. याचं मी काय करू ते मला कळत नाही.

पुढच्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या, मी आईला घेऊन येतेय. घरी राहा.


३१ जानेवारी

रविवारी काय झालं ते तुला निम्मंच माहीत आहे, कारण तू वर आलाच नाहीस. उरलेलं सांगते.

टॅक्सीवाला भला निघाला. त्याने आणि टायरवाल्याने मिळून आईला खुर्चीसकट उचललं. आपली गल्ली सुटताना आईने मान वळवून काकूंच्या खिडकीकडे बघितलं. खिडकी बंद होती. तुझं घर मला विचारावं लागलं नाही. खिडकीतून विजेच्या खांबापर्यंत तार गेली होती, आणि मध्ये कपाचा कान होता. निळ्या फुलाचा. तो कप आपल्याच घरातला आहे.

दार तुझ्या बायकोने उघडलं. मी वाटभर मनात एक कैदाशीण उभी केली होती. दारात उभी होती पिठाच्या हातांची, झोप न झालेली एक साधी बाई, आणि तिच्या पायाशी तुझी मुलगी, डोळ्यांवर घसरलेली लोकरीची टोपी घालून. ती टोपी मी कुणासाठी घेतली होती, सांगायला नको.

मी पाठ करून आणलेलं बोलले. ही तुमची सासू, ही औषधं, हे कधी द्यायचं ते बाटल्यांवर लिहिलंय. उजव्या कुशीवर झोपवा. तुम्हाला आजारी माणूस घरात नको आहे हे मला ठाऊक आहे, पण मला आता इलाज नाही.

ती म्हणाली, "हे असं म्हणाले तुम्हाला?"

मी म्हटलं, आईला म्हणाला.

ती खाली बसली, तिथेच उंबऱ्याशी. म्हणाली, तिला आजवर असं सांगण्यात आलं होतं की लग्न तुम्हाला पसंत नव्हतं, आणि तुम्ही, म्हणजे मी, भावाला दारात उभं करत नाही. तिने किती वेळा तुला म्हटलं, आईंना इकडे आणूया, मुलीलाही आजी मिळेल. तू म्हणायचास, बहीण तिला सोडणार नाही.

आई खुर्चीवर, तिने सगळं ऐकलं. तिचा चेहरा मी बघितला नाही. बघायचं धैर्य झालं नाही, की बघावंसं वाटलं नाही, कोण जाणे. तिनेही मला फसवलं होतं, पण ते तुझ्यावर विश्वास ठेवून. तू तिलाही सोडलं नाहीस. तुझी बायको, तुझी आई, मी, तिघींना तू तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्यास, आणि प्रत्येकीच्या गोष्टीत दुसरी कुणीतरी वाईट होती. तू कुठल्याच गोष्टीत वाईट नव्हतास.

मग वहिनी उठली, हात धुतले आणि मुलीची खाट खिडकीजवळून ओढून आईसाठी जागा केली. मुलीने विचारलं, ही कोण? "तुझी आजी," वहिनी म्हणाली. मुलीने विचार करून टोपी काढली आणि आईच्या मांडीवर ठेवली.

मी निघाले तेव्हा आईने चांगल्या हाताने माझी बाही धरली. मग तिची तिनेच सोडली.

तू खाली टायरांच्या चळतीआड उभा होतास. म्हणालास, "खुंटे, माझं ऐकून तरी घे."

मी म्हणाले, "इतके दिवस ऐकतच होते की." आणि टॅक्सीत बसले. तेव्हा राग आला होता म्हणून नाही. तुझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला माहीत होतं, आणखी थोडा वेळ थांबले तर मीच तुला समजावायला लागेन.


१६ एप्रिल

तुझी पत्रं मिळाली. सगळी वाचली. म्हणून हे एक उत्तर.

मी नवीन लॅबमध्ये लागलेय. डॉक्टरीणबाईंनी जागा द्यायचं कबूल केलं, पण माझी जागा आता जबडेवाल्याची आहे. मी त्याच्या हाताखाली. तो मला काही सांगताना अजून खाली बघून बोलतो, आणि पूर्वेकडची खोलीही त्याचीच आहे. मला मागच्या अंगाची मिळाली. तक्रार नाही. फक्त तू लिहिलंस ना, 'शेवटी सगळं चांगलंच झालं', तर ते तसं झालेलं नाही हे तुला माहीत असावं.

आईला मी भेटते. वहिनी आणि मी दिवस ठरवतो, तू कामावर असतोस तेव्हा. आई चालायला शिकतेय, खाटेपासून खिडकीपर्यंत. नातीशी भांडते. माझ्याशी जपून बोलते, पाहुण्याशी बोलावं तशी. मागच्या खेपेला निघताना म्हणाली, "तिकडे जेवायला नीट मिळतं का?" मी हो म्हणाले. आमचं पुढेमागे सुधारेल बहुतेक. घाई नाही.

तू लिहितोस, बायको बोलत नाही, घरात तीन बायका असून तुला घर खायला उठतं. ते तू त्यांच्याशी बघ. यापुढे मी लिहीन ते वहिनीला लिहीन.

आणि शेवटी तू लिहिलंयस की रविवारी पुन्हा सुरू करूया. तू तिकडे, मी इकडे, आता खरोखरच दोन गावं, लपवण्यासारखं काही उरलेलं नाही, मग काय ऐकलं ते एकमेकांना कळवूया. फार छान लिहिलंयस. पूर्वीची मी असते तर पत्र वाचता वाचता सेल आणायला गेले असते.

रविवारी सकाळी मी ऐकते. ते सोडायचं मला कारण नाही, ते तुझं नव्हतं. मागचं अंगण मोकळं आहे, इथे गिरणी नाही, घरघर जवळजवळ नाहीच. गेल्या रविवारी एक स्टेशन लागलं. आपण दोघांनी मिळून इतकी वर्षं शोधलं आणि कधी लागलं नाही, ते. माणसाने स्टेशनचं नाव दोनदा घेतलं, सावकाश, माझा काही गैरसमज नाही. ऊन भिंतीवर चढेपर्यंत मी उभी होते.

कुठलं होतं, ते मी तुला कळवणार नाही.